सातेरीची राखण : लुटीच्या नोंदी, मार्च ते मे २०२५

ठिकाण जुन्नर तालुका, कुकडीच्या कालव्याखालचं आमचं रान. पेट्या ११, सगळ्या सातेरीच्या, म्हणजे आपल्या देशी पाळीव मधमाशीच्या, आठ चौकटींच्या. बांधाला करंज आणि चिंच आहे, त्यांच्या सावलीत दोन रांगा : १ ते ६ पुढे, ७ ते ११ मागे. पलीकडच्या शिवारात कांद्याच्या डोंगळ्यांसाठी (बियाण्याच्या कांद्याची फुलं) मेलीफेराच्या, म्हणजे मोठ्या विलायती मधमाशीच्या, ८० पेट्या भाड्याने आल्यात. मधे अंतर साधारण ४०० मीटर. लूट म्हणजे एका पेटीच्या माशांनी दुसऱ्या पेटीतला मध चोरून नेणं.

२६ मार्च, बुधवार

डोंगळे संपत आले. बोंडांच्या शेंड्याला तेवढी पांढरी फुलं, खाली दाणा धरलाय. पाच पेट्यांचा मध काढला, १४ किलो भरला. मधल्या खोलीत दारं-खिडक्या लावून मधयंत्र फिरवलं, तरी शेवटी शे-दीडशे माशा आत घुसल्याच. रिकाम्या मधचौकटी माशांनी चाटून साफ कराव्यात म्हणून पेट्यांजवळच उघड्यावर टेकवून ठेवल्या. दोन तासांत कोरड्या ठणठणीत. बरं झालं, धुवायचं काम वाचलं.

२८ मार्च, शुक्रवार

दुपारी दीडला ३ नंबरसमोर ढग. आधी वाटलं, कोवळ्या माशांचा रोजचा खेळ चाललाय. पण खेळ पंधरा-वीस मिनिटांत आटोपतो, आणि खेळणाऱ्या माशा पेटीकडे तोंड करून एका जागी तरंगत असतात. हे तसं नव्हतं. अर्धा तास झाला तरी गर्दी वाढतच होती.

गुडघे टेकून जवळून बघितलं. माशा पाय खाली सोडून डावी-उजवीकडे झोके घेतायत, दारावर नीट उतरत नाहीत. काही तर दार सोडून छपराच्या फटीत, मधकोठीच्या (मध साठवायच्या वरच्या कप्प्याच्या) सांध्यात तोंड खुपसतायत. एकीच्याही पायाला पराग नाही. बाहेर पडणारी माशी पोट फुगलेली, थेट उडत नाही. पुढच्या फळीवर वीतभर चढते, मग उडी टाकते, जरा खाली जाते आणि सावरते. दोन माशा एकमेकींना विळखा घालून मातीत लोळत होत्या. दारासमोर मेणाचा भुगा, चाळलेल्या रव्यासारखा. पोळ्यातली मधाने भरलेली घरं कुणीतरी आत ओरबाडतंय.

गर्दीत पिवळ्या पट्ट्याच्या मोठ्या माशा स्पष्ट दिसत होत्या. मेलीफेरा. डोक्यात तिडीकच गेली.

दार गवताने बुजवून एक बोटभर फट ठेवली, पेटीवर ओलं गोणपाट टाकलं, फवारणीच्या पंपाने (नवा, औषध कधी न घातलेला) वरून पाणी मारलं. पाऊस आल्यासारखं वाटून बऱ्याच पांगल्या. अंधार पडल्यावर शांत झालं. पेटी उघडली नाही. लुटीच्या वेळी झाकण काढणं म्हणजे चोरांना कोठारच दाखवणं.

२९ मार्च, शनिवार

सकाळी आठलाच पुन्हा सुरू, आता ७ नंबरवरही. पलीकडच्या शिवारात भांडायलाच गेले. पेट्यांचे मालक भाऊ पन्नाशीचे, शांत माणूस. ट्रक दहा-बारा दिवसांनी येणार म्हणाले, तोवर माशा उपाशीच. डोंगळ्यात आता दमच राहिला नाही. मी म्हटलं, तुमच्या माशा माझ्या पेट्या लुटतायत. ते म्हणाले, "ताई, माझ्या माशा कुठं जातात ते मला विचारून जात नाहीत. पण तुमच्याकडच्या सगळ्या चोर माशा माझ्याच आहेत कशावरून? तुमची माशी तुमच्याच माशीला लुटते तेव्हा रंगावरून कळत नाही. पीठ टाकून बघा."

मला ते टोलवाटोलवी वाटलं. चहा मात्र घेतला. निघताना दिसलं, दोन पेट्यांच्या मधे पाकाची घमेली उघड्यावर ठेवलेली, त्यावर माशांची झुंबड. बोलले. त्यांनी माझ्यासमोर घमेली उचलली. रोज संध्याकाळी पेटीच्या आत पाक देईन म्हणाले. आणि देतात, हे नंतर बघितलं.

पुण्याच्या केंद्रीय मधमाशी संस्थेत प्रशिक्षणाला गेले होते तेव्हाची वही काढली. मेलीफेरा आपल्याकडे १९६२ साली नगरोटा बगवाँला, आताच्या हिमाचलात, पहिल्यांदा नीट रुजली. तिची वसाहत पन्नास-साठ हजारांपर्यंत जाते, आमची सातेरी वीस हजारांच्या आतबाहेर. मेलीफेरा दोन-तीन किलोमीटर सहज फिरते, सातेरी एक-दीडच्या पुढे सहसा नाही. म्हणजे मधलं ४०० मीटर अंतर तिच्यासाठी अंगणच. दोन्ही माशा शेजारी ठेवू नयेत हे वहीत माझ्याच अक्षरात लिहिलंय, खाली दोन रेघा मारून.

३० मार्च, पाडवा

गुढी उतरवेपर्यंत पेट्यांकडे गेले नाही. संध्याकाळी ३ नंबरच्या दारात २०-२५ मेलेल्या माशा. जास्त काळ्या, चकचकीत, अंगावर लव नाही. सारख्या फटींतून घुसून-घासून लव झडलेल्या. जुने चोर.

१ एप्रिल, मंगळवार

पुतण्याने जाळी बनवली. १२ मिलिमीटरच्या पट्ट्यांची चौकट, वीतभर रुंद, वीतभर उंच. वर तीन मिलिमीटर भोकाची लोखंडी जाळी. ती दाराच्या पुढे ठोकायची. माशीला दारातून निघून जाळी आणि फळीच्या मधल्या पोकळीतून वर चढायचं, वरच्या उजव्या कोपऱ्यातल्या दोन सेंटिमीटरच्या खिडकीतून बाहेर. चोर वासावर येतो. वास जाळीतून सरळ येतो, म्हणून तो दारासमोरच डोकं आपटत राहतो. घरची माशी आतून चालत येते, तिला वाट पाठ होते.

घाई नडली. सकाळी दहाला ठोकली. घरच्या शेकडो माशा तेव्हा रानात होत्या. त्या परत आल्या तर दाराच्या जागी जाळी. चोरांसारख्याच त्याही जाळीवर डोकं आपटू लागल्या. बाराच्या सुमाराला यातल्या बऱ्याचशा शेजारच्या २ आणि ४ मधे शिरायला गेल्या आणि तिथे मारामारी सुरू. एका पेटीची लूट तीन पेट्यांत पसरवली मी. दुपारी जाळी उपटून काढली.

सासूबाई ओट्यावरून बघत होत्या. म्हणाल्या, "नवीन सुनेला पण आधी दार दाखवतात गं."

३ एप्रिल, गुरुवार

तिन्हीसांजेला ३ नंबर उघडली, दोन मिनिटांत बंद करायचं ठरवून. दोन चौकटी माशा, मध पाव चौकट. घराच्या कडा कुरतडलेल्या. राणी दिसली नाही. पोळ्याच्या एकेका घरात दोन-दोन, तीन-तीन अंडी, बुडाला नाही, भिंतीला चिकटलेली. म्हणजे कामकरी माशाच अंडी घालतायत, राणी जाऊन किती दिवस झाले कुणास ठाऊक. मध काढायच्या गडबडीत मीच चिरडली असेल. बिनराणीच्या घराची राखण कोण करणार? दारात उभी असलेली माशी येणाऱ्याला हुंगतही नव्हती.

तर लूट आली म्हणून पेटी खचली नाही, आधीच खचली होती म्हणून लूट आली.

अळ्या मुद्दाम बघितल्या. लुटारू माशी मधाबरोबर रोगही घरी नेते. १९९१-९२ मधे थाई सॅकब्रूडने, अळ्यांच्या विषाणूरोगाने, केरळ-कर्नाटकात सातेरीच्या वसाहतीच्या वसाहती बसवल्या. त्यात मेलेली अळी पाण्याने भरलेल्या पिशवीसारखी दिसते, डोकं वर उचललेलं. तसं काही नाही. हायसं वाटलं.

५ एप्रिल, शनिवार

पिठाचा प्रयोग. भाऊंचं बोलणं डोक्यातून जात नव्हतं.

चार वाजता ३ नंबरच्या दारापाशी तांदळाची पिठी चहाच्या गाळणीतून भुरभुरली, फक्त बाहेर पडणाऱ्या फुगीर माशांवर. पुतण्या मागच्या रांगेत, धाकटा पुढच्या रांगेत, मी बांधावर. मोठ्या पिवळ्या माशा पांढऱ्या होऊन बांधावरून पलीकडे गेल्या, ते अपेक्षितच होतं. तीनेक मिनिटांत धाकटा ओरडला, "आई, भुतं आली!" ५ नंबरच्या दारात पांढऱ्या माशा उतरत होत्या, आणि दारावरच्या माशा त्यांना आत घेत होत्या, जणू लेक माहेरी आली. पंधरा मिनिटांत धाकट्याने २३ मोजल्या. बांधावरून त्याच वेळात मी मोजलेल्या ११.

५ नंबर माझी सगळ्यात चांगली पेटी. या वर्षी तिनेच सगळ्यात जास्त मध दिला. मी सगळ्यांना तिचं कौतुक सांगते.

आणि तिला चटक लागली कशाने, तर २६ तारखेच्या त्या उघड्यावर टेकवलेल्या चौकटींनी. बिनकष्टाचा मध एकदा मिळाला की माशी दुसऱ्या दिवशी तिथेच येते, तिथे नसला तर शेजारी शोधते.

६ एप्रिल, रविवार

अंधार पडल्यावर ३ नंबरच्या उरल्यासुरल्या माशा ६ वर चढवल्या. मधे वर्तमानपत्राचा कागद, दाभणाने चार भोकं. कागद कुरतडेपर्यंत दोन घरांचा वास एक होतो. ३ ची रिकामी पेटी तशीच ठेवली नाही, घरात नेऊन कोठीच्या खोलीत बंद. रिकामी जागा बघायला चोर उद्या येतीलच, त्यांना तिथे काही मिळता कामा नये.

७ एप्रिल, सोमवार

आले. ३ नंबरच्या रिकाम्या स्टँडवर सकाळभर माशा घिरट्या घालत होत्या. अकरानंतर ७ कडे वळल्या.

भाऊंकडे जाऊन पिठाचं सांगितलं. हसले नाहीत, याचं बरं वाटलं.

९ एप्रिल, बुधवार

काल रात्री आठला ७ नंबरला जाळी लावली, सगळ्या घरी आल्यावर. आज पहाटे साडेपाचपासून बघत बसले. पहिल्या माशा उजेडाकडे थेट जाळीवर. पाच-सात मिनिटं वर-खाली धडपड, मग एक वर चढली, खिडकीत थबकली, बाहेर पडून वळली आणि पेटीकडे तोंड करून तरंगू लागली. जागा टिपून घेत होती. तिच्यामागे बाकीच्या. नऊपर्यंत निम्म्या माशा खिडकीतून सुरळीत ये-जा करत होत्या. चोर दहाला आले, जाळीवर डोकं आपटत राहिले. बघून समाधान झालं, खोटं कशाला बोलू.

गरमी वाढली तसं दारात वारा घालणं सुरू. सातेरी पंख हलवते तेव्हा तिचं तोंड पेटीच्या बाहेर असतं, मेलीफेराचं आत. जाळीच्या आड रांगेत बसलेल्या सगळ्यांची तोंडं माझ्याकडे. ऊन फार होतं, पोळी गळून पडायची भीती, म्हणून छपरावर ओलं गोणपाट आहेच.

११ एप्रिल, शुक्रवार

काल रात्री भाऊंचे ट्रक भरले, पेट्या गेल्या. जाताना भाऊ अर्धा किलो ओव्याचा मध देऊन गेले.

७ ची लूट चालूच. पिवळी माशी एकही नाही. आणि चोर खिडकीतून आत! दोन दिवसांत वाट कशी कळली?

संध्याकाळी उत्तर सापडलं. ८ तारखेला रात्री जाळी ठोकली तेव्हा चोरही आतच मुक्कामाला असणार. त्यांनी सकाळी घरच्यांबरोबरच वाट शिकली.

१२ एप्रिल, शनिवार

म्हणून नवा क्रम : सूर्य मावळताना जाळी काढायची, दार अर्धा तास मोकळं ठेवायचं. घरी जायची घाई असलेले चोर निघून जातात. मग पूर्ण अंधारात जाळी परत लावायची, पण खिडकी डाव्या कोपऱ्यात. पुतण्याने दोन्ही कोपऱ्यांत खिडक्या कापून सरकती पट्टी बसवली, हवी ती उघडी ठेवता येते. त्याची अक्कल.

शिवाय ५ ची खोड मोडायची होती. ५ आणि ७ च्या जागा अदलाबदल केल्या, रात्री. परक्या माशांनी मारू नये म्हणून ७ ची राणी आधी दिवसाउजेडी सापडवून पिंजऱ्यात ठेवली होती. उद्या ५ च्या रानातल्या माशा जुन्या सवयीने आपल्या जागेवर येतील आणि तिथे ७ असेल. चोराने चोरी करून माल लुटलेल्याच्याच घरात टाकायचा.

१३ एप्रिल, रविवार

नव्या जागेवरच्या ७ समोर तासभर झटापट झाली, १०-१२ मेल्या. भरल्या पोटाने आलेल्या माशीला दारावर फार अडवत नाहीत असं वहीत आहे, ते खरं दिसलं. दुपारी ७ च्या दारात पहिल्यांदा वर्दळ. ५ मात्र ओसरली, सुस्त. थोडं वाईट वाटलं.

उद्या राणी सोडायची.

१६ एप्रिल, बुधवार

८ नंबरवर राणी फाटक लावून बघितलं होतं, घर उठून जाऊ नये म्हणून मिळतं ते. कुणीतरी सांगितलं होतं की त्याच्या फटी सातेरीच्या मापाच्या, मोठी माशी आत येत नाही. मोठ्या माशा आता गेल्याच आहेत, सातेरीला सातेरीपासून ते काय वाचवणार? वर पराग आणणाऱ्या माशांच्या पायांवरचे गोळे फटीत घासून पडतायत, दारात पिवळी रांगोळी. नर अडकून आत गर्दी. तीन दिवसांत काढून टाकलं.

१९ एप्रिल, शनिवार

९ नंबर उठून गेली. सकाळी बघते तर दारात एकच माशी, तीही मुंगळ्याने ओढत नेलेली. आत चार कोरडी पोळी, पिलावा (अंडी-अळ्या) नाही, मधाचा थेंब नाही. आठवडाभर त्या दारात परागाची माशी दिसली नव्हती हे आता आठवतंय. ७ च्या नादात मागची रांग बघितलीच नाही. सातेरी असंच करते. मेलीफेरा घर लुटलं तरी शेवटच्या माशीपर्यंत तिथेच मरेल, सातेरी राणीला घेऊन डोंगर गाठते.

तात्या म्हणाले, "गेली ती जगली म्हण." त्यांनी उमेदीत कड्यावरचा मध काढलाय, पोळी पिळून. त्यांच्या हिशोबी पेटी ही भाड्याची खोली.

२३ एप्रिल, बुधवार

करंज फुलला. पहाटे झाडाखाली उभं राहिलं की वर घुमारा, अंगावर बारीक फुलं पडत राहतात. लूट जवळपास बंद. ७ नंबरवर दिवसभरात एकही झटापट नाही.

आता पंचाईत अशी की हे जाळीने थांबलं की करंजाने, हे सांगता येत नाही. पुतण्या म्हणतो जाळीने. मला वाटतं रानात मिळायला लागलं की कुणी चोऱ्या करत नाही. जाळ्या काढल्या नाहीत, खिडक्या मोठ्या केल्या.

६ मे, मंगळवार

करंज झडला. चिंच आता कुठे मोहरायला लागली. फुलाचा खंड पडणार, तेव्हा खरी परीक्षा. तयारी :

जाळ्या अजून पाच केल्या. खर्च फार नाही, पट्ट्या पुतण्याच्या जुन्या खिडकीच्या. सगळ्या पेट्यांचे सांधे, कोपरे शेण-मातीने लिंपले. पाक सगळ्या पेट्यांना एकाच संध्याकाळी, दर आठवड्याला प्रत्येकीला २०० ग्रॅम साखर तेवढ्याच पाण्यात. सात वाजल्यानंतर, आतल्या वाटीत काड्या टाकून. सांडलेला थेंब लगेच ओल्या फडक्याने. गुळाचा पाक नाही. वास लांब जातो आणि माशांना हगवणही लागते.

५ नंबरला पाक दोन वेळा दिला. ती उपाशी असेल तर बाकीच्यांना स्वस्थ बसू देणार नाही.

१४ मे, बुधवार

अवकाळी पावसाने चिंचेचा मोहोर झोडपला. चार दिवस माशा घरातच. दुपारी ऊन पडलं की ५ आणि २ च्या माशा सगळीकडे वास घेत फिरतात. १० नंबर अशक्त, तिच्या जाळीवर शंभरेक माशा. मोजून बघितलं : दहा मिनिटांत खिडकीतून शिरताना दिसलेले चोर २ किंवा ३, तेही आत गेल्यावर लगेच बाहेर फेकले गेले. एक जण तर दोघींनी पाय धरून खिडकीपर्यंत ओढत आणला, तिथून ढकलला.

करंज नाही, चिंच नाही, आणि १० टिकून आहे. पुतण्याला आज सांगितलं, तुझंच खरं. अर्धं.

गांधीलमाशी मात्र जाळीचा फायदा घेते. डोकं आपटत बसलेल्या माशा तिला आयत्या मिळतात. आज चार नेल्या. तिच्यासाठी अजून काही सुचलेलं नाही, धाकट्याला बॅडमिंटनची रॅकेट घेऊन बसवलंय.

२१ मे, बुधवार

पाऊस थांबत नाही. वळवाचा म्हणावा तर वळवासारखा जातही नाही. रात्री छत्री धरून पाक दिला, नऊ पेट्यांना. १० ची राणी बघितली, घराघरात बुडाशी एकेक अंडं, दोन चौकटी नीट लागलेल्या. जाळीची खिडकी उद्या डावीकडून उजवीकडे सरकवायची, संध्याकाळी अर्धा तास मोकळं दार ठेवून.

९ ची पोळी अजून कोठीच्या खोलीत आहेत, त्यांना मेणकिडा लागलाय. ऊन पडलं की काढायची.